पहिल्या नळीत रक्त गोठलं होतं : एका घोणस-दंशाची पूर्ण केस

ही केस माझ्या सख्ख्या चुलत्यांची. आम्ही सगळे त्यांना तात्या म्हणतो. वय ५८, मंद्रूपच्या पुढं चार एकर रान, त्यातला अडीच एकर ऊस, बीपीची एक गोळी सोडली तर बाकी कसला आजार नाही. मी सोलापुरात एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे, रक्त गोठण्याच्या टेस्ट म्हणजे पीटी, एपीटीटी, फायब्रिनोजेन हे माझं रोजचं टेबल, त्यामुळं या केसमध्ये मी नातेवाईक पण होतो आणि अर्धा लॅबवाला पण. तात्यांना विचारूनच लिहितोय, "लिही की, कुणाच्या तरी कामाला येईल, पायाचा फोटो तेवढा टाकू नको" म्हणाले. पहिल्या दवाखान्याचं नाव देणार नाही, तिथल्या डॉक्टरांशी नंतर नीट बोलणं झालंय, ते खाली येईलच.

नोव्हेंबरचा दुसरा आठवडा. शेतीची थ्री फेज लाईट त्या आठवड्यात रात्रीची होती, बाराला यायची. तात्या आणि माझा चुलत भाऊ बापू दोघं दारं धरायला, म्हणजे उसाला पाणी द्यायला गेले होते. साधारण १ वाजून १० मिनिटांनी तात्यांचा उजवा पाय सरीच्या कडेला पाचटात पडला आणि घोट्याच्या वर काहीतरी टोचलं. त्यांना आधी वाटलं उसाचं खोडूक लागलं. मग तो आवाज आला, कुकरची वाफ सुटत राहावी तसा लांबच्या लांब. बापूनं मोबाईलची बॅटरी मारली तर जाडजूड, मातकट रंगाचा, अंगावर साखळीसारखे मोठे तपकिरी ठिपके. त्यानं लांबूनच एक फोटो काढला, हललेला, पण काढला. मारायला किंवा धरायला गेला नाही हे फार चांगलं केलं.

शेजारच्या वस्तीवरचे एक म्हातारे आले, त्यांनी वर्णन ऐकलं आणि म्हणाले, "डुरक्या घोणस आसंल ती, तिला कुठलं आलंय इष. हळद लावा आन झोपू द्या." आता हा घोटाळा आपल्या भाषेतलाच आहे. डुरक्या घोणस हा वेगळा साप, बिनविषारी, मातीत राहणारा, बोथट शेपटीचा. आणि नुसती घोणस म्हणजे भारतात सगळ्यात जास्त माणसं मारणाऱ्या चार सापांपैकी एक, बाकीचे तीन नाग, मण्यार आणि फुरसं. दोन्हीच्या नावात घोणस, दोन्हीच्या अंगावर ठिपके, आणि रात्री एक वाजता बॅटरीच्या उजेडात कोण फरक करणार? मी गावात गेलो की आता सगळ्यांना सांगतो, डुरक्या वाटला तरी दवाखान्यातच जायचं.

तोपर्यंत कुणीतरी टॉवेलानं गुडघ्याखाली करकचून बांधलं होतं. ते नको होतं. घोणशीचं विष जागेवरच्या मांसाला पण खातं, बांधल्यानं ते तिथंच कोंडतं, पायाचा रक्तपुरवठा तुटतो, आणि सोडलं की एकदम गोळाच वर जातो. पाय हलू न देता, साध्या फळीला सैल बांधून, लगेच निघायचं एवढंच काम होतं.

मोटारसायकलवर तात्यांना मधी बसवून पावणेदोनला जवळच्या छोट्या खासगी दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी टॉवेल सोडला, जखम धुतली, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं आणि १ वाजून ५० मिनिटांनी एक काम खरोखर चांगलं केलं, २ मिली रक्त काढून कोऱ्या काचेच्या नळीत घातलं आणि नळी उभी करून ठेवली. २० मिनिटांनी तिरकी केली, रक्त घट्ट गोठलेलं. मग म्हणाले, "विष अंगात गेलेलं दिसत नाही, साप कधी कधी नुसताच चावतो. घरी न्या, सकाळी दाखवा."

टेस्ट बरोबर होती, वाचलीपण बरोबर. निष्कर्ष चुकला. आणि मला या केसबद्दल जे काही सांगायचंय ते सगळं या एका वाक्यात आहे, कारण ती नळी ४० मिनिटांवरची होती, आणि ४० मिनिटांवर घोणशीच्या विषानं काम सुरू केलेलं असतं पण संपवलेलं नसतं.

बापूचा फोन मला २ वाजून २० मिनिटांनी आला. तो मला विचारायला नाही, सांगायला फोन करत होता, "दादा, वाचलं बग, रगात गोठलंय." मी विचारलं सूज किती. म्हणाला घोट्यापासून निम्म्या पोटरीपर्यंत आलीय आणि चावलेल्या जागेतून अजून थेंब थेंब येतंय. सव्वा तासाच्या आत निम्मी पोटरी, हेच मला पुरेसं व्हायला पाहिजे होतं, पण मी फोटो पाठव म्हणालो, रेंज नव्हती, त्यात सहा-सात मिनिटं गेली, ती मी वाया घालवली. आपल्याकडची सापाच्या विषावरची लस चारही सापांवर एकच असते, साप ओळखला नाही म्हणून उपचार थांबत नाही. फोटो आला, ठिपके दिसले, आणि मी म्हणालो घरी न्यायचं नाही, गाडी करा, थेट सिव्हिलला या, मी गेटवर उभा आहे.

३ वाजून २० मिनिटांनी जीप आली. तात्या शुद्धीवर, पण तोंड पुसलेल्या टॉवेलला रक्त. हिरड्यांतून येत होतं. ड्युटीवरच्या मॅडमनी हिरड्या बघितल्या, सूज गुडघ्याला टेकलेली बघितली, रक्त नळीत घेतलं आणि २० मिनिटं संपायची वाट न बघता लसीच्या बाटल्या काढायला सांगितल्या. लस पावडरच्या रूपात येते, प्रत्येक बाटलीत १० मिली पाणी घालून विरघळवायची, आणि जोरात हलवायचं नाही, फेस होतो, हळूहळू गोल फिरवायची. दहा बाटल्या दोन सिस्टर फिरवत होत्या आणि मी नळीकडे बघत होतो. ३:४५ ला नळी तिरकी केली. पाण्यासारखं वाहिलं. दोन तासांपूर्वी याच माणसाचं रक्त दह्यासारखं लागलं होतं.

रात्रभर ते डोक्यात फिरत राहिलं, कारण आमच्या लॅबच्या फ्रीजमध्ये घोणशीचंच विष आहे.

खरंच आहे. ज्या बायकांचा गर्भ परत परत पडतो, किंवा तरुण वयात पायाच्या शिरेत गुठळी होते, त्यांच्यासाठी एक टेस्ट करतात, ल्युपस अँटिकोॲग्युलंट, म्हणजे गुठळ्या व्हायला कारण होणाऱ्या अँटिबॉडी शोधायची. तिचं रिएजंट, म्हणजे टेस्टसाठी घालायचं रसायन, हे पातळ केलेलं घोणशीचं विष. नॉर्मल माणसाच्या प्लाझ्मात, म्हणजे रक्तपेशी काढून उरलेल्या पाण्यात ते घातलं की साधारण ३० ते ४५ सेकंदात गुठळी. मी ही टेस्ट कितीतरी वेळा लावलीय. म्हणजे माझ्या टेबलावर हे विष रक्त गोठवतं, आणि वॉर्डात त्याच विषानं तात्यांचं रक्त पाणी केलं होतं. दोन्ही खरं कसं?

विषात एक एन्झाइम असतं ते रक्तातल्या फॅक्टर टेनला थेट चालू करतं (फॅक्टर म्हणजे रक्त गोठवणारी प्रोटीनं, त्यांना नंबर असतात). एरवी रक्त गोठायचं तर जखमेपासून सुरुवात होते आणि एक फॅक्टर दुसऱ्याला, दुसरा तिसऱ्याला उठवत टेनपर्यंत निरोप पोचतो. हे विष सगळी रांग ओलांडून थेट टेनच्या दारात जातं, शिवाय दुसरं एक एन्झाइम फॅक्टर फाइव्हला पण उठवतं. नळीत प्लाझ्मा थोडा, माल थोडा, एकदा गुठळी झाली की खेळ संपला. माणसाच्या अंगात पाच लिटर रक्त फिरतंय, विष पण फिरतंय, आणि गोठवायचा हुकूम सगळीकडे एकाच वेळी, जखम नसताना. बारीक बारीक जाळी तयार होते, शरीर ती विरघळवतं, परत तयार होते, परत विरघळते, आणि यात फायब्रिनोजेन, म्हणजे गुठळी विणायचा धागाच संपून जातो. धागा संपला की मग हिरडीतून येवो नाहीतर सुईच्या भोकातून, थांबवायला काही उरत नाही. त्यात विषातली दुसरी एन्झाइम रक्तवाहिन्यांच्या भिंती पण कुरतडतात.

म्हणजे १:५० ला धागा अजून शिल्लक होता म्हणून नळीत गोठलं. ३:२५ ला संपला होता. पहाटे तात्यांचं सॅम्पल मी स्वतः आमच्या मशीनवर लावलं, फायब्रिनोजेन ५० च्या खाली (नॉर्मल २०० ते ४००), पीटीला मशीननं गुठळीच दाखवली नाही, प्लेटलेट ६८,०००. म्हणूनच नियम असा आहे की पहिली नळी गोठली तर पेशंट घरी जात नाही, पहिले तीन तास दर तासाला परत नळी, मग २४ तास होईपर्यंत दर सहा तासांनी. तात्यांची दुसरी नळी पावणेतीनला लावली असती तर मला वाटतं तिथंच कळलं असतं.

नळी काचेचीच का, हे पण सांगतो कारण खूप ठिकाणी प्लॅस्टिकची वापरतात. काचेच्या पृष्ठभागामुळं रक्तातला फॅक्टर ट्वेल्व्ह चालू होतो आणि गोठणं सुरू होतं. प्लॅस्टिकमध्ये ते होत नाही, साबणानं धुतलेल्या नळीत पण नीट होत नाही, मग चांगलं रक्त पण पातळ दिसतं आणि लस उगाच जाते. काच, कोरी, कोरडी, आणि मधे कुणी हलवून बघायचं नाही. पंधरा रुपयाचं पण सामान नाही हे, आणि कोट्यवधींच्या मशीनच्या आधी तेच बोलतं.

घोणशीच्या विषाचा हा गुण माणसानं आधी औषध म्हणून वापरला होता हे मला नंतर वाचताना कळलं. १९३४ साली लंडनमध्ये मॅकफार्लेन नावाचे डॉक्टर आणि तिथल्या प्राणिसंग्रहालयातले सापांचे प्रमुख बर्जेस बार्नेट यांनी वेगवेगळ्या सापांची विषं रक्तावर लावून बघितली, त्यात घोणशीचं सगळ्यात जोरात गोठवणारं निघालं, आणि ते एकदम पातळ करून हिमोफिलियाच्या, म्हणजे जन्मापासून रक्त नीट न गोठणाऱ्या पेशंटच्या जखमेवर रक्त थांबवायला लावलं. जखमेवर बाहेरून, थेंबभर. प्रश्न शेवटी किती आणि कुठं याचाच आहे.

आता लसीचं. सगळे लस म्हणतात पण ती पोलिओसारखी लस नाही, घोड्याच्या अंगात तयार झालेल्या अँटिबॉडी असतात. घोड्याला चारही सापांचं विष अगदी थोड्या मात्रेपासून वाढवत वाढवत देतात, मग त्याचा प्लाझ्मा घेऊन शुद्ध करतात. मुंबईत परळची हाफकिन ही संस्था ती बनवते, काही खासगी कंपन्या बनवतात. दहाच बाटल्यांनी सुरुवात का, यामागं हिशेब आहे. लेबलवर लिहिलेलं असतं की १ मिली लस घोणशीचं ०.६ मिलिग्रॅम विष निकामी करते. म्हणजे १० मिलीची एक बाटली ६ मिलिग्रॅम. मोठी घोणस सरासरी ६३ मिलिग्रॅम विष सोडते असं मोजलेलं आहे. म्हणून दहा. आणि लहान मुलाला पण दहाच, कारण सापानं मुलगा बघून विष कमी सोडलेलं नसतं. हे दुसरं वाक्य मला मॅडमनी सांगितलं, बापू विचारत होता की तात्या वाळके आहेत, एवढी लस झेपंल का म्हणून.

पहिल्या वीस मिनिटांत तात्यांना अंगभर खाज सुटली आणि हुडहुडी भरली. घोड्याचं प्रोटीन म्हटल्यावर हे होतं. लस थांबवली, मांडीत ॲड्रेनलिन दिलं, पंधरा मिनिटांत शांत झाले, परत चालू केली. काकू दारात रडत होत्या, "नको ती लस, अंगावर उठलंय बगा त्यांच्या." मी म्हणालो काकू, खाज थांबवता येती, रक्त थांबवायला दुसरं काही नाही. पाचच्या आसपास दहा बाटल्या संपल्या.

यानंतर सहा तास वाट बघायची असते. लस विषाला बांधून ठेवते, पण संपलेला धागा ती आणून देत नाही, तो लिव्हरला नव्यानं बनवावा लागतो आणि लिव्हरला साधारण सहा तास लागतात. त्याआधी नळी लावून घाबरण्यात अर्थ नाही. ११ वाजता नळी लावली, नाही गोठली. दुसऱ्या दहा बाटल्या. संध्याकाळी सव्वासहाला परत लावली आणि तिरकी केली तर रक्त जागचं हललं नाही. तिथं मी पहिल्यांदा खाली बसलो.

वीस बाटल्या लागल्या म्हणून लस कमी प्रतीची होती असं मी म्हणणार नाही, दुसरा डोस घोणशीच्या बऱ्याच पेशंटना लागतो. पण यात एक खरा प्रश्न आहे आणि त्यावर बेंगळुरूच्या आयआयएससीमध्ये, म्हणजे भारतीय विज्ञान संस्थेत कार्तिक सुनगर यांची लॅब काम करते. लसीसाठी लागणारं बहुतेक विष चेन्नईजवळच्या इरुला लोकांच्या सहकारी संस्थेकडून येतं, १९७८ पासूनची संस्था आहे, साप पकडण्यात त्यांचा हात कुणी धरणार नाही. पण ते साप तिकडचे. एकाच जातीच्या सापाचं विष सगळीकडे सारखं नसतं, घोणशीचं तर फारच बदलतं, आणि २०२१ च्या सुनगर यांच्या अभ्यासात काही भागांतल्या घोणशींच्या विषापुढं बाजारातली लस उणी पडलेली दिसली. २०२५ मध्ये त्यांनीच ३४ ठिकाणच्या ११५ घोणशींचं विष तपासून हवामानाशी ताडून बघितलं. कोरड्या भागातल्या घोणशींच्या विषात प्रोटिएज, म्हणजे प्रोटीन तोडणारी एन्झाइम, जास्त काम करताना दिसली. आपल्याकडं पाऊस किती पडतो ते सगळ्यांना माहितीय, त्यामुळं ते वाक्य मी दोनदा वाचलं. मला मनापासून वाटतं की दुष्काळी पट्ट्यातल्या घोणशींचं विष घोड्याला टोचायच्या मिश्रणात गेलं पाहिजे. २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात साप चावून अंदाजे १२ लाख माणसं गेली, वर्षाला ५८,००० धरा, आणि बहुतेक खेड्यातली. रात्री दारं धरणारी, अनवाणी, तात्यांसारखी.

दुसऱ्या दिवशी लघवी कमी झाली. घोणशीचं विष किडनीला लागतं, हे अपेक्षित होतं. क्रिएटिनिन, जे किडनी बिघडली की रक्तात वाढतं, ते तिसऱ्या दिवशी ३.१ पर्यंत गेलं, डायलिसिसची तयारी ठेवली होती पण पाचव्या दिवशी लघवी सुटली आणि वेळ आली नाही. नवव्या दिवशी १.४ वर डिस्चार्ज.

यात एक छोटी गोष्ट. किडनीचं बघून डॉक्टरांनी तात्यांची बीपीची गोळी, एनालाप्रिल, बंद केली. ती गोळीच मुळात सापाच्या विषावरच्या संशोधनातून आलेली आहे. ब्राझीलमध्ये सर्जियो फेरेरा यांना १९६५ मध्ये तिथल्या जराराका सापाच्या विषात ब्रॅडिकायनिनचा, म्हणजे रक्तवाहिन्या सैल करणाऱ्या अंगातल्याच एका द्रव्याचा, परिणाम वाढवणारा घटक सापडला, तो घेऊन ते लंडनला जॉन वेन यांच्या लॅबमध्ये गेले, पुढं अमेरिकेत स्क्विब कंपनीत कुशमन आणि ओंडेटी यांनी त्या धाग्यावरून कॅप्टोप्रिल हे बीपीचं औषध बनवलं, १९८१ मध्ये ते बाजारात आलं, एनालाप्रिल त्याच घरातलं. एका सापाच्या विषानं शिकवलेली गोळी तात्या सहा वर्षं खात होते, आणि दुसऱ्या सापाच्या विषामुळं ती थांबवायला लागली. फुरशाच्या विषातल्या एका प्रोटीनवरून टिरोफिबान नावाचं औषध पण निघालंय, हार्ट ॲटॅकच्या पेशंटला अँजिओप्लास्टीच्या वेळी देतात, सोलापुरातल्या पण हार्टच्या दवाखान्यांत ते वापरात आहे. तात्यांना हे सांगितलं तर बराच वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "मग धरून मारू नयेत म्हणायचं त्यास्नी."

डिसेंबरमध्ये मी त्या पहिल्या दवाखान्यात गेलो, काचेच्या शंभर कोऱ्या नळ्यांचा बॉक्स घेऊन. भांडायला गेलो नव्हतो. ४:०० ते ११:०० चे सगळे रिपोर्ट दाखवले. डॉक्टर बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले की नळी लावायची हे शिकलो होतो, परत लावायची हे ध्यानात राहिलं नाही. आता त्यांच्या टेबलामागं भिंतीवर कागद चिकटवलाय, त्यावर तास आणि शेजारी रिकामे चौकोन. रात्रीचा पेशंट एकट्यानं सांभाळणाऱ्या माणसाकडून चूक होऊ शकते हे मी समजू शकतो, पण तो कागद आधी असता तर तात्यांना हिरड्यातून रक्त यायच्या आत लस मिळाली असती, हे पण तितकंच खरं.

मला वाटलं केस इथं संपली. फेब्रुवारीत काकूंचा फोन आला, तात्या रानात जात नाहीत, जेवण अर्ध्यावर आलंय, उन्हात बसून पण थंडी वाजते म्हणतात, उठलं की चक्कर. गावात सगळे म्हणत होते वय झालं, सापाची धास्ती घेतली. एका ठिकाणी थायरॉइड तपासून आणलं होतं, टीएसएच (थायरॉइडला कामाला लावणारं हार्मोन) नॉर्मल, थायरॉइड ठीक आहे म्हणून सांगितलं होतं.

घोणशीचं विष मेंदूखालच्या पिट्यूटरी ग्रंथीत रक्तस्राव करू शकतं. ब्रह्मदेशातल्या पेशंटवर हे १९८७ मध्येच लिहिलं गेलंय, आणि काहींना ते महिन्यांनी, वर्षांनी कळतं. आणि पिट्यूटरीच बिघडलेली असेल तर टीएसएच वाढणार कुठून, ते बनतं तिथंच. ते नॉर्मल दिसतं आणि माणूस आजारी असतो. मी सकाळी आठला स्वतः वस्तीवर जाऊन रक्त काढलं. फ्री टी-फोर, म्हणजे थायरॉइडचं स्वतःचं हार्मोन, कमी. सकाळचं कॉर्टिसॉल, जे हार्मोन पिट्यूटरीच्या हुकमावर बनतं, २.४, जे त्या वेळेला दहाच्या पुढं असायला पाहिजे. एमआरआयमध्ये पिट्यूटरी आक्रसलेली दिसली. हार्मोनच्या डॉक्टरांनी आधी हायड्रोकॉर्टिसोन, म्हणजे कॉर्टिसॉलचीच गोळी, सुरू केलं आणि काही दिवसांनी थायरॉइडची गोळी, याच क्रमानं, उलट केलं तर धोका असतो.

दोन आठवड्यांनी मी गेलो तर तात्या बांधावर होते, पायात गुडघ्यापर्यंतचे गमबूट, हातात काठी, खिशात गोळ्यांची पट्टी आणि एक चिठ्ठी, त्यावर डॉक्टरांनी लिहून दिलंय की ताप आला किंवा उलट्या झाल्या तर डोस दुप्पट करायचा आणि लगेच दाखवायचं. ती चिठ्ठी बापूनं प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून दिलीय, घामानं भिजू नये म्हणून.